कल्ले

साडेनऊला शटर अर्धं ओढतो
आणि दोन जुनी कार्डं टेबलावर घेतो,
एक लाल कंपनीचं, एक हिरव्या.
मदरबोर्ड तोच, रॅम तीच, एसी चोवीसवर.
तुलना करायची तर बाकी सगळं स्थिर हवं
असं मी छेडाशेठना सांगतो.
ते वाशीचं वीजबिल दाखवतात.

खेळ ठरलेला, घोडा ठरलेला.
पूल ओलांडायचा, साठ सेकंद, नाकासमोर.
तीनदा या कार्डावर, तीनदा त्या.
त्याआधीची एक फेरी मोजायची नाही,
ती तोंड धुण्यापुरती.
दोन वर्षांत हजारदा तरी गेलो असेन त्या पुलावरून,
पलीकडच्या गावात एकदाही नाही.
तिथे घंटा वाजते. कुणी मेलंय, की लग्न आहे,
कळायच्या आत साठावं सेकंद
आणि मी पुन्हा या टोकाला.

वहीत: हिरवं एकशे अठरा, लाल एकशे नऊ.
ही सरासरी. सरासरी गोडच बोलते.
तिच्याखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ,
शंभरातल्या सगळ्यात वाईट एका टक्क्याची:
लाल अठ्ठ्याऐंशी,
हिरवं एकेचाळीस.
म्हणजे पुलाच्या मधोमध, जिथे पाण्यात सूर्य सांडतो,
तिथे हिरव्याचा घोडा
एक पाय उचलून थबकतो,
खड्ड्यापाशी रिक्षावाला थबकतो तसा,
मग एकदम पुढेच दिसतो.
शेठ म्हणतात, गिऱ्हाईक वरची ओळ वाचतं.

शनिवारी दिवाळे गावातून दोघी आल्या.
उत्कर्षा, बारावीची, हूडीच्या बाह्या बोटांपर्यंत,
सगळे आकडे तोंडपाठ.
आणि तिची आई चांगुणाबाई,
नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला.
नोटांना बोंबलाचा वास.
शेठनी पंख्याचा वेग वाढवला, बाईंनी ते पाहिलं
आणि नोटा सावकाश मोजल्या.

हिरवं, पोरगी म्हणाली, नऊ फ्रेम पुढे आहे.
आईने विचारलं,
"दोघांत ताजा कुठला रं?"

मी हसलो नाही, नशीब माझं.
त्यांनी हिरवं उचललं, तळहातावर तोललं,
पंख्याची पाती बोटाने सारून
आत डोकावल्या, कल्ले उघडून बघतात तशा,
आणि नाकाशी नेलं.
"ह्यो बर्फातला हाय. वरशी पानी मारलंय."

चार स्क्रू काढले. मग आणखी तीन.
आतल्या राखाडी गाद्यांतून तेल सुटलेलं,
बोर्ड चिपांभोवती करपून पिवळा.
कुठल्यातरी गाळ्यात, महाप्याला नाहीतर तुर्भ्याला,
रात्रंदिवस नाणी खोदत होतं हे,
एकही घोडा न दाखवता.
धुऊन, पुसून, फुंकर मारून आमच्याकडे आलेलं.
एकेचाळीस मी लिहिला होता की.
दोनदा अधोरेखितही केला होता.
समोर "ड्रायव्हरचा दोष" असं लिहून
घरी जाऊन झोपलो होतो.

शेठ खोकले. शेठनी लालची किंमत सांगितली.
बाईंनी निम्मी सांगितली.
साडेअकरा हजारांवर दोघं टेकली
तेव्हा बाईंनी वर एक माऊसपॅड मागितला,
वाट्यावर दोन मांदेली जास्त टाकतात तसा,
आणि तो मिळेपर्यंत हात पुढेच ठेवला.

खोकं बांधताना मी उत्कर्षाला हळूच विचारलं,
त्या पुलापलीकडे घंटा कसली वाजते?
"तुम्ही गेलाच नाहीत?"
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"बाजाराची. होड्या लागल्या की वाजवतात."

आई शटरखालून वाकून बाहेर पडत होती.
तशीच थांबली, अर्धी आत, अर्धी बाहेर.
"मंग भाव काय तिकडं पापलेटचा?"

उत्कर्षाला ते सांगता आलं नाही.
मला तर नाहीच.